दवाची तूट

जिनिंगच्या मागल्या खोलीत
सरकीच्या पोत्यांखाली वही सापडली.
लाल कापडाची, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.
फसली तेराशे एक्केचाळीस.
मोडी मला येत नाही.
लिंबाजी गुरव चष्मा कपाळावर सारतात,
अक्षरांना नाक लावून वाचतात:

धुरपता कोम मरीबा. सात शेर. तूट अर्धा. दव.
हलीमा बी कोम चांद. नऊ शेर. तूट पाऊण. दव.
केवळा, बेवा. अकरा शेर. तूट एक. दव.

पुन्हा दव. पुन्हा दव.
पान उलटलं तरी दव.
मार्गशीर्ष, पौष समजू शकते मी,
दुधनेकाठचं रान सकाळी ओलंच असतं.
पण फाल्गुनात?
उन्हानं बोंडं कडकड वाजतात तेव्हा?
गुरव म्हणाले, ‘मालकाच्या रानात
दव बारमाही पडायचं, बाई.’

पहिल्या वेचणीआधी सीतादही झालं असणार.
चार पऱ्हाट्यांचे शेंडे एकत्र बांधून
खाली दहीभात.
तो नंतर कोणी खाल्ला ते वहीत नाही.
मग ओट्या बांधल्या असणार, पोटापुढे.
सकाळी सपाट, दुपारी सहावा महिना,
दिवेलागणीला काट्यावर रिकाम्या.
बोंडाच्या वाळल्या नख्या
नखाच्या मुळाशी शिरतात, हे मला माहीत आहे,
शाळेला सुट्टी लागली की मीही गेलेय वेचायला.
रक्ताचा ठिपका रुईवर पडला की माल डागी.
डागी: दोन आणे कमी.
हे मात्र वहीत आहे, टापटीप.

केवळेला अंक येत नव्हते.
शेराला एक सरकी,
रोज संध्याकाळी मोजून गाडग्यात.
गुरवांच्या आत्यानं सांगितलेली गोष्ट ही:
शिमग्याला, हिशेबाच्या दिवशी,
केवळेनं ते गाडगं
मुनिमाच्या पांढऱ्या बैठकीवर पालथं केलं.
‘मोजा,’ म्हणाली. एवढंच.

मुनिमानं मोजल्या नाहीत.
तोलल्या.
आम्ही पान शोधलं. ओळ सापडली:
केवळा बेवा हिजकडून सरकी जमा. नवटाक.

गुरव हसले. मग हसायचे थांबले,
चष्मा पुसत बसले कितीतरी वेळ.

पुढल्या साली केवळा रानात नाही.
रेच्यावर आहे, पत्र्याखाली,
जिथं कापसाची धूळ ऊन आत येऊ देत नाही.
रोज तीन आणे.
तिथं दव कसं पडणार?
तरी रकाना तोच. चार दिवसांची तूट.
कारण: खोकला.
त्याच्या पुढची पानं पाण्यानं एकमेकांना चिकटलेली.
मी ओढली असती, गुरव म्हणाले, राहू दे.

वही आता माझ्या टेबलाच्या खणात आहे.
मी सेलूच्या जिनिंगला काट्यावर बसते.
टेम्पो चढतो, आकडे थरथरतात, थांबतात.
मग ओलाव्याच्या यंत्राची सळई
कापसात खुपसायची.
आठच्या वर गेलं की कपात.

काल वालूरकडून एक गाडी आली.
कापसावर एक बाई बसलेली, बोटांना चिंध्या,
वेचणीचं स्वतःचं गाठोडं वेगळं बांधलेलं.
‘किती दाखवतंय?’
‘अकरा.’
‘अकरा काय?’
‘ओलावा.’
तिनं वर बघितलं. ऊन मीही बघितलं.
‘यंत्र हाय का पाणक्या हाय हे,’ ती म्हणाली,
गाडीवाला हसला, मला हसता आलं नाही.

मी एंटर दाबलं.
दुपारचे दोन वाजले होते.
ती खाली उतरली, खिडकीशी आली,
कनवटीचा मोबाईल काढून
तिनं स्क्रीनचा फोटो घेतला.
माझ्यासकट.